दारावर जेवणारे बोरुडे

इरा, समीर,

परवा फोनवर इरा म्हणाली, तिला कंपनीत सपोर्ट प्लॅनिंगचं काम मिळालं आहे. म्हणजे दुसऱ्यांचे संगणक बंद पडले तर काय करायचं, ते बंद पडण्याआधी ठरवून ठेवायचं. तिचा आवाज अगदी पडलेला होता. "आजी, मी दिवसभर काय करते हे कोणाला कळतही नाही," असं म्हणाली, आणि समीर मागून हसला. समीर, तू हसलास म्हणून हे लिहायला बसले. आमच्या खालच्या मजल्यावर मुरलीधर बोरुडे नावाचे गृहस्थ राहतात. त्यांनी हेच काम केलं, तेही हवामानाचा अंदाज काढणाऱ्यांसाठी. मला सगळं अजून क्रमाने आठवतं आहे. पुढच्या वर्षी आठवेल याची खात्री नाही, म्हणून आत्ताच.

पहिली गोष्ट अशी की बोरुडे स्वतःच्या घराच्या दारावर जेवतात.

यात अलंकार काही नाही. फ्लॅटचा ताबा मिळाल्याबरोबर त्यांनी सुतार बोलावला, पुढचं दार बिजागऱ्यांवरून उतरवलं आणि दोन लोखंडी पेट्यांवर आडवं टाकून त्याचं जेवणाचं टेबल केलं. कडी, कोयंडा, 'सुस्वागतम्'ची पट्टी, बाहेर कोण आलं ते बघायचं भोक, सगळं जागच्या जागी आहे. भोकात ते उदबत्ती खोचतात. पाहुणा जेवायला बसला की त्याच्या ताटाखाली कोयंडा येणार नाही एवढी काळजी घेतात. दाराच्या जागी एक फुलाफुलांचा पडदा आहे.

बोरुडे मूळचे शिंगणापूरचे. तिथल्या घरांना दारं नसतात, हे तुमच्या आईने तुम्हाला सांगितलं असेल. राखण शनिदेव करतात अशी गावाची श्रद्धा. शिकायला नगरला आले तेव्हा वसतिगृहात पहिल्यांदा कोणीतरी खोलीला बाहेरून कडी लावली, तर यांना वाटलं आपल्या हातून काही गुन्हा झाला. (नगर म्हणजे आताचं अहिल्यानगर. पत्त्यात मी नवं नाव लिहिते, तोंडात जुनंच येतं.) मी एकदा त्यांना विचारलं, "मुरलीधरराव, शनिदेवांचा पहारा गावापुरता असेल. ते इथे सावेडीपर्यंत येतात का?"

"पत्ता दिलाय की काकू," ते म्हणाले, "पिनकोडसकट."

आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींना हे पसंत नव्हतं. त्यांनी खाली नोटीस लावली, 'प्रत्येक सभासदाने आपले दार वापरावे.' बोरुड्यांनी तिच्याखाली लिहिलं, 'वापरात आहे. दोन वेळा पुसतो.' पुढे सेक्रेटरींच्याच घरी लग्न निघालं आणि त्यांची श्रीखंडाची पातेली बोरुड्यांच्या फ्रिजमध्ये राहिली, तेव्हा ती नोटीस आपोआप गळून पडली. तो फ्रिज आता सगळ्या इमारतीचा आहे. माझं विरजणही उन्हाळ्यात तिथेच असतं. एकदा ते आणायला गेले तर दारावर एक अनोळखी माणूस पोहे खात बसलेला.

"आपण कोण?" मी विचारलं.

"मी पाणी शुद्ध करायचं मशीन विकतो," तो म्हणाला. "साहेब म्हणाले, बसा, मी आलोच, तोवर पोहे खा. लिंबू कुठे असेल हो?"

बोरुडे आले. त्यांनी त्याचं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "बंद पडलं तर?"

"आमचं मशीन बंद पडतच नाही, साहेब."

बोरुड्यांनी त्याला चहाही पाजला, पण मशीन घेतलं नाही. तो गेल्यावर म्हणाले, "ज्याचं मशीन बंदच पडत न्हाई, त्याला मशीन म्हंजे काय तेच ठावं न्हाई."

तर असा हा माणूस. लोकांवर त्यांचा जितका विश्वास, तितकाच यंत्रांवर अविश्वास. कोणतंही नवं यंत्र दिसलं की त्यांचं एक वाक्य ठरलेलं, "हे बंद पडनारच हाय. पुढं बोला." सोसायटीत लिफ्ट बसली आणि अध्यक्ष नारळ फोडायला आले, तेव्हाही ते हेच म्हणाले. सगळ्यांनी त्यांच्याकडे रागाने पाहिलं. त्यांनी शांतपणे लिफ्टमध्ये एक स्टूल, पाण्याची बाटली आणि एक शिट्टी ठेवली. पहिल्याच फेरीत लिफ्ट मधेच थांबली, आत अध्यक्ष. स्टुलावर बसले, पाणी प्यायले, पण शिट्टी वाजवणं त्यांच्या इभ्रतीला शोभेना, त्यामुळे ते आत आहेत हे बराच वेळ कोणाला कळलंच नाही. बोरुडे एवढंच म्हणाले, "शिट्टी वाजवनाऱ्याचं नियोजन ऱ्हायलं."

लग्न का केलं नाही, असं तुम्ही विचाराल. मुलगी बघायला गेले होते, काष्टीच्या बाजूला. पोहे झाले, चहा झाला, वडीलधाऱ्यांनी सांगितलं, तुला काही विचारायचं असेल तर विचार. यांनी विचारलं, "सैपाक करताना ग्यास संपला, तर पुढं काय?" मुलगी हुशार होती. म्हणाली, "पुढं तुम्ही जाऊन सिलिंडर आणायचा." हे खूश झाले, त्यांना तिचं नियोजन पटलं. मग उत्साहाने दुसरा प्रश्न विचारला, "आन् मी जागेवर नसलो तर? म्हंजे कायमचाच?" मुलीच्या आईने तिथल्या तिथे ताटं उचलली. पुढे स्थळं आलीच नाहीत.

आता त्यांच्या कामाबद्दल.

शहराबाहेर एक छोटं हवामान केंद्र आहे. शेतकऱ्यांच्या काही संस्था मिळून ते चालवतात. पारनेरचा माळ वेगळा, श्रीगोंद्याचा कालव्याखालचा भाग वेगळा, शेवगाव-पाथर्डीकडचा कोरडा पट्टा त्याहून वेगळा. सगळ्या जिल्ह्याला एकच अंदाज सांगून भागत नाही, म्हणून हे केंद्र. तिथे मोठे संगणक आहेत, त्यांना वर्कस्टेशन म्हणतात. त्यांच्यावर एक मॉडेल चालतं. मॉडेल म्हणजे उद्याच्या आकाशाचं आज मांडलेलं गणित. उत्तर आलं की अंदाज काढणारी व्यक्ती ते वाचते, आपली अक्कल लावते, आणि गावोगावी मोबाईलवर संदेश जातो. कांदा काढायचा की थांबायचं, द्राक्षांवर फवारणी करायची की नाही, हे पुष्कळ लोक त्या संदेशावर ठरवतात.

ही अंदाज काढणारी व्यक्ती म्हणजे वैशाली. पारनेरची मुलगी, पुण्याला हवामानशास्त्र शिकली आणि मुद्दाम परत आली. तिच्याबरोबर आणखी एक जण होता, तो वैशालीची बाळंतपणाची रजा संपताच नोकरी सोडून गेला आणि त्याची जागा रिकामीच राहिली. वैशालीची मुलगी तेव्हा तान्ही होती. ती रोज बाळाला सासूकडे ठेवून यायची आणि अंदाजाचं सगळं काम एकटीने ओढायची.

आणि तिची यंत्रं बंद पडली तर काय, याचं नियोजन बोरुड्यांकडे.

केंद्राला पैसे देणारी समिती पुण्यात बसते. तिने दोन हुकूम एकदम काढले. एक, तांत्रिक साहाय्याची योजना इंग्रजीत लिहून पाठवा. दोन, प्रत्येक यंत्राला पासवर्ड लावा. पहिल्या हुकमासाठी बोरुडे माझ्याकडे आले, कारण मी कॉलेजात इंग्रजी शिकवत होते. माझ्या जेवणाच्या टेबलाशी बसून (माझं टेबल टेबलच आहे) ते मराठीत सांगायचे, मी इंग्रजीत लिहायचे.

"मशीनचे आजार तीन हायेत काकू," ते म्हणाले. "रुसनं, येडं होनं आन् मरनं. रुसलं म्हंजे हालतच न्हाई. येडं झालं म्हंजे लई जोरात चालतंय पन बरळतंय, पारनेरला समुद्र दाखवतंय. मेलं म्हंजे मेलं."

"आणि उपाय?"

"रुसलं तर हात लावायचा न्हाई, च्या प्यायचा. निम्मी उठत्यात तेवढ्यानं. येडं झालं तर वैशाली म्याडमला इचारायचं, कारन खरं काय ते त्यांनाच कळतंय. मेलं तर शेजारचं मशीन."

मी याचं इंग्रजी केलं. रुसण्याला, वेडं होण्याला आणि मरण्याला गांभीर्याच्या तीन पातळ्या म्हटलं. चहाला 'निरीक्षणाचा कालावधी' म्हटलं. पुढे समितीला तोच कालावधी सगळ्यात जास्त आवडला असं कळलं.

मग पर्यायांचा भाग आला. एक यंत्र गेलं तर दुसरं कोणतं, इंटरनेट गेलं तर दुसरी जोडणी कोणती, वीज गेली तर बॅटरी कोणती, बॅटरी गेली तर कोणती. बोरुडे डोळे मिटून भराभरा सांगत होते. शेवटी माणसांवर आले.

"वैशाली म्याडम न आल्या तर," ते म्हणाले आणि थांबले.

"कोण?"

"लिवा, वैशाली म्याडम."

"अहो, हे इंग्रजीत वेडगळ दिसेल."

"दिसू द्या. मराठीत बी तसंच दिसतंय. दुसरं मानूस द्या म्हनून कितीदा मागितलं. समितीनं बॅटरी पाठवली."

मी तसंच लिहिलं.

दुसऱ्या हुकमाची अंमलबजावणी त्यांनी स्वतःच्या पद्धतीने केली. केंद्राच्या फाटकाशी एक फळा असतो. त्यावर कालचा पाऊस, आजचं तापमान, वारा असं खडूने लिहितात. बोरुड्यांनी सगळ्या यंत्रांना मिळून एकच पासवर्ड लावला आणि तो फळ्यावर वाऱ्याच्या खाली लिहिला. समितीने पासवर्ड लावायला सांगितला होता, तो लावला. लपवायला सांगितलं होतं, पण लपवणं म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्यावर संशय घेणं, आणि ते त्यांच्या स्वभावात नाही. अंदाज विचारायला येणारे शेतकरी फळ्यावरचं सगळं उतरवून न्यायचे, पासवर्डसकट. एकाने तर बोरुड्यांना विचारलं म्हणे, "भाऊ, हे पासवर्ड काल बी एवढंच हुतं. वाढनार का कमी हुनार?"

इथवर सगळं हसण्यावारी होतं.

मग काष्टीच्या बाजाराचा दिवस आला. सकाळी श्रीगोंदा तालुक्यात संदेश गेला, 'दुपारनंतर गारपीट. जनावरे व काढलेला कांदा सुरक्षित ठेवावा.' काष्टीचा आठवडे बाजार केवढा, हे तुमच्या आईला विचारा. तो बाजार त्या दिवशी भरता भरता मोडला. निघालेले टेम्पो माघारी वळले. शेळ्यांच्या पाठीवर पोती बांधली. एका लग्नाचा मांडव उतरवून वऱ्हाड शाळेत नेलं. ताडपत्री विकणाऱ्याचा माल सकाळीच संपला. हवामानशास्त्राबद्दल आजही चांगलं बोलणारा काष्टीतला तो एकच माणूस असेल.

दुपारनंतर काय झालं? ऊन पडलं. संध्याकाळीही ऊनच होतं. ढगाचा एक तुकडा दिसला नाही.

दोन दिवस केंद्राचा फोन वाजत होता. "गारा कुठं हायेत, पत्ता द्या, आमी आनायला येतो," असं एकाने विचारल्याचं बोरुडे सांगत होते, पण सांगताना हसले नाहीत. चौकशीत एवढं कळलं की आकाशाचं त्या दिवसाचं गणित बरोबर होतं. सरावासाठी ठेवलेलं एका जुन्या गारपिटीचं गणित कोणीतरी चुकून उघडलं आणि त्याचाच संदेश गेला. पण कोणी? सगळी यंत्रं एकाच नावाने उघडत होती, पासवर्ड एकच, तोही फाटकावर. यंत्राला विचारलं तर ते फक्त केंद्राचं नाव सांगत होतं.

समितीचा निरोप आला. चूक कोणी केली ते नाव हवं. नाव मिळालं तर त्या व्यक्तीला कामावरून कमी करण्यात येईल. न मिळालं तर केंद्रावर भरवसा उरत नाही, अंदाजाचं काम पुण्याला हलवू.

बोरुडे वर आले. म्हणाले, "काकू, उद्या मीटिंगला चला. योजनेतलं सगळं इंग्रजी तुमचं हाय. साहेबांनी कायी इचारलं आन् माझं बंद पडलं, तर पर्याय पाहिजे."

अशी मी त्या बैठकीला गेले, इंग्रजीची बॅटरी म्हणून.

समितीचे साहेब पुण्याहून आले होते. स्वच्छ माणूस, आवाज हळू. माझ्या इंग्रजीची गरज पडली नाही, साहेब मराठीच बोलत होते, फक्त त्यातली नामं इंग्रजी होती. वैशाली भिंतीजवळच्या खुर्चीत बसली होती. मांडीवरच्या पिशवीचा बंद ती बोटाला गुंडाळत होती आणि सोडत होती. मी आयुष्यभर परीक्षेच्या हॉलमध्ये पहारा केला आहे. मला त्या मुलीकडे एकदा पाहूनच कळायचं ते कळलं.

"अंदाज काढणारी व्यक्ती एकच आहे ना?" साहेबांनी विचारलं.

वैशालीने पिशवी खाली ठेवली आणि उठायला लागली.

"म्याडम," बोरुडे म्हणाले, "तेवढा आतला प्रिंटर बघा. बंद पडला वाटतं."

"मला जरा इथे..."

"आधी प्रिंटर बघा. साहेबांना कागद लागत्यात."

ती क्षणभर उभी राहिली आणि आत गेली. बोरुडे साहेबांकडे वळले.

"अंदाज काढनारी एक हाय, साहेब. पन बटन दाबनारे सगळेच. पासवर्ड फाटकाव हुता. त्या दिशी कांदेवाले आल्ते, शाळेची सहल आल्ती, टपालवाला पानी प्यायला येतो तो आल्ता. मशीन उघडं, खुर्ची रिकामी. कोनीबी बसलं असंल."

"पासवर्ड फाटकावर कोणी लिहिला?"

"मी."

"सूचना वाचल्या नव्हत्या?"

"वाचल्या. पटल्या न्हाईत."

साहेबांनी पेन खाली ठेवलं. "बोरुडे, तुम्ही काय बोलताय कळतंय का? म्हणजे जबाबदारी तुमच्यावर येते."

"व्हय. मगापासून तेच म्हनतोय."

खोलीतलं वातावरण एकदम हलकं झालं. समितीला एक नाव हवं होतं. ते कोणाचं आहे, याची तिला फारशी पर्वा नव्हती. बोरुड्यांची सहीसुद्धा तिथेच झाली. मग साहेबांनी योजनेतल्या निरीक्षणाच्या कालावधीची स्तुती केली आणि सगळ्यांनी चहा घेतला.

मी कप घेऊन आत गेले. प्रिंटर व्यवस्थित चालू होता. वैशाली त्याच्यासमोर उभी होती, त्यातून निघालेले कोरे कागद हातात घेऊन.

"मी पाठवला तो संदेश, काकू," ती म्हणाली. "छोटी तापाने फणफणली होती, तिला घेऊनच आले होते. डोळ्यांसमोर अक्षरं नाचत होती. चुकीची फाईल उघडली. दुपारी ऊन बघितलं तेव्हा कळलं. मी त्याच दिवशी बोरुडेकाकांना सांगितलं होतं. मी आत जाऊन सांगते आता."

बोरुडे तेवढ्यात मागून आले. "म्याडम, मिनिट्स लिवून झाले. आता बदलायचं म्हनलं तर परत मीटिंग बोलवायला लागती, तिला कोरम लागतो, लई लांबतंय. तुमी घरी जावा. ताप उतरला का पोरीचा?"

"उतरला."

"मग झालं."

येताना आम्ही रिक्षात बसलो. मी शिस्तीची बाई, मला राहवेना.

"मुरलीधरराव, तुम्ही साहेबांना खोटं सांगितलंत."

"कुठलं खोटं? कोनीबी बसलं असंल म्हनलो. म्याडम कोनी न्हाईत का?" मग जरा वेळाने म्हणाले, "काकू, तुमीच लिवलंय की. म्याडम न आल्या तर कोन? म्याडम. त्या दिशी त्यांनी फोन केल्ता, येत न्हाई, लेकरू तापलंय. मीच म्हनलो, या म्हनून. दुसरं कोनाला म्हननार? बॅटरीला बॅटरी हाय. बाईला बाई न्हाई. दमलेल्या मानसाला मशीनपुढं मी बसवलं, मग चूक कोनाची? आन् चूक मानसाची लिवली आसती तर मानूस गेलं आसतं, पुढं तेच. नियोजनाची लिवली म्हंजे आता त्यांना नियोजन सुधारावं लागंल. सुधारायचं म्हंजे दुसरं मानूस द्यावं लागंल."

"आणि तुमचं काम?"

"माझं काय." रिक्षा सिग्नलला थांबली होती. ते बाहेर बघत होते. "म्याडमला घरी जायला जरा उशीर झाला तर सासू फोन करती, नवरा फोन करतो, पारनेरहून बाप फोन करतो. एका वक्ताला तिघांचे फोन. मी घरी आलो न्हाई, तर दूधवाल्याला कळतं. ते बी दूध नासलं तर."

ते हसले, म्हणून मीही हसले.

समितीने नियोजनातील त्रुटी दूर करण्याचं ठरवलं. प्रत्येकाला वेगळा पासवर्ड मिळाला. ते सांभाळायला पासवर्ड समन्वयक म्हणून एक नवे गृहस्थ नेमले गेले, ते पहिल्याच आठवड्यात स्वतःचा विसरले. आणि योजनेत 'वैशाली न आल्यास वैशाली' असं जे वेडगळ इंग्रजी होतं, त्यावर कोणीतरी लाल रेघ मारली आणि अंदाज काढायला दुसरी व्यक्ती मंजूर झाली. राहुरीचा एक मुलगा आला. आता त्यांच्या पाळ्या लागतात, आणि पाळी संपली की वैशाली घरी जाते.

बोरुड्यांना नियोजनावरून काढलं. नोकरी गेली नाही, कारण त्यांना काढायचं तर त्यांच्या जागी कोण, याचं नियोजन कोणीच केलेलं नव्हतं. त्यांना बाहेरचं काम दिलं. माळांवर, बांधांवर, साखर कारखान्याच्या आवारात केंद्राची पाऊस मोजायची आणि वारा मोजायची उपकरणं उभी आहेत. ती फिरून साफ करायची, कोळिष्टकं काढायची, पक्ष्यांनी काड्या आणून ठेवल्या असतील तर बघायचं. सकाळी मोटरसायकलवर निघायचं, संध्याकाळी परत. कधी पारनेरच्या पलीकडे, कधी पाथर्डीच्या डोंगराकडे. तिथे बऱ्याच ठिकाणी फोन लागत नाही.

म्हणून समितीने आणखी एक नियम काढला. बाहेर फिरणारा माणूस सुखरूप परतला की नाही हे घरच्या कोणाला तरी कळलं पाहिजे, आणि तो परतला नाही तर त्या घरच्याने केंद्राला कळवलं पाहिजे. समितीचे बाकीचे नियम कसेही असोत, हा चांगला होता.

त्या संध्याकाळी माझी बेल वाजली. बोरुडे बाहेर उभे होते. आत या म्हटलं तर आले नाहीत.

"गावी भाऊ हाय माझा," ते म्हणाले. "परसादाचं दुकान हाय त्याचं. पन शनिवार आला, अवस आली, की गर्दी एवढी, त्याला मी आलो काय न् गेलो काय. केंद्रातले म्हनत्यात घरचं कोन ते सांगा." त्यांनी जिन्याच्या कठड्यावरून बोट फिरवलं, धूळ बघितली, बोट पुसलं. "तुमचं सांगू का, काकू?"

"सांगा की."

"तुमाला तरास. मी आलो का न्हाई ते रोज बघत बसावं लागंल."

"मी तसंही बघते," मी म्हटलं. ते खरंच होतं, पण मी ते आधी कधी मोठ्याने बोलले नव्हते.

ते मान हलवून खाली गेले.

इरा, तुझं काम कोणाला कळत नाही म्हणालीस, त्यावर मला एवढंच सांगायचं होतं. उपदेश नाही. समीर, तू आता हसलास तरी चालेल.

बाकी सगळं ठीक आहे. केंद्र नगरलाच आहे. सकाळी काष्टीला अंदाज जातो, कधी बरोबर येतो, कधी चुकतो, खाली कधी वैशालीचं नाव असतं, कधी त्या राहुरीच्या मुलाचं. आणि दिवेलागणीला जिन्यातून हाक येते, "काकू, आलो." मी आतून "बरं" म्हणते आणि गॅस लावते.